जाणिवेचा पुरावा

इ. स. २००५ च्या जुलै महिन्यात इंग्लंडमध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीच्या मेंदूला रस्त्यावरील अपघातात जबर दुखापत झाली. पुढे पाच महिने लोटले. तिचे डोळे उघडू-मिटू लागले, झोप आणि जाग यांचे चक्र पुन्हा फिरू लागले. पण तिला नावाने हाक मारली, हात उचलण्यास सांगितले, डोळ्यांसमोर एखादी वस्तू धरून हलविली, तरी हेतुपूर्वक म्हणता येईल अशी एकही हालचाल तिच्याकडून होत नसे. वैद्यकाच्या तत्कालीन निकषांप्रमाणे ती जागी होती, परंतु जाणती नव्हती, आणि हा निष्कर्ष काढण्यात तिच्या डॉक्टरांची कसलीही हयगय झालेली नव्हती. केंब्रिज येथील संशोधक एड्रियन ओवेन आणि त्यांचे सहकारी यांनी तिला मेंदूतील रक्तप्रवाहाचे फेरफार टिपणाऱ्या चुंबकीय यंत्रात, म्हणजे एफएमआरआयमध्ये, निजविले आणि दोनच गोष्टी सांगितल्या: आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना कर, आणि, आपण आपल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हिंडत आहोत अशी कल्पना कर. प्रत्येक कल्पनेस तीस सेकंदांचा अवधी आणि त्यानंतर विश्रांती, असा क्रम होता. टेनिसची सूचना मिळताच हालचालींची पूर्वतयारी करणारा मेंदूचा भाग सक्रिय झाला आणि तीसही सेकंद सक्रिय राहिला. घराची सूचना मिळताच स्थळांची आणि वाटांची ओळख बाळगणारे अगदी निराळे भाग जागे झाले. आणि विश्रांती घेण्यास सांगितल्यावर दोन्ही निवले. निरोगी स्वयंसेवकांच्या मेंदूच्या प्रतिमा आणि या तरुणीच्या प्रतिमा शेजारी शेजारी ठेवल्या असता त्यांत भेद करता येईना. २००६ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

मेंदू आणि जाणीव यांचा संबंध काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी चघळण्याचा आहे, व्यवहाराला त्याचे काही देणेघेणे नाही, अशी जी एक सर्वसाधारण समजूत आहे ती त्या दिवसापासून टिकण्यासारखी राहिली नाही. अतिदक्षता विभागाच्या काचेबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना ‘पेशंट रिस्पॉन्स देत नाही’ हे वाक्य ऐकावे लागते, आणि त्या चार शब्दांवर पुढचे बहुतेक सारे ठरते: उपचार किती नेटाने करावयाचे, घरी केव्हा न्यावयाचे, त्याच्याशी बोलावयाचे की त्याच्या देखत त्याच्याविषयीच बोलावयाचे. माझे म्हणणे असे आहे की, प्रतिसाद नाही या निरीक्षणावरून जाणीव नाही हा फैसला आपल्या रुग्णालयांत फार घाईने आणि फार थोड्या तपासावर दिला जातो, आणि या विषयातील शास्त्राची आजची स्थिती पाहता तसे करण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही.

दुसऱ्याच्या ठायी जाणीव आहे हे आपण मुळात कशावरून ठरवितो? ती कोणालाही दिसत नाही. प्रत्येकाला प्रत्यक्ष असते ती स्वतःचीच. दुसऱ्याची आपण अनुमानाने जाणतो. सातव्या शतकातील बौद्ध नैयायिक धर्मकीर्ती याने ‘सन्तानान्तरसिद्धि’ नावाचा स्वतंत्र ग्रंथ या एकाच प्रश्नावर लिहिला. माझ्या बोलण्याच्या आणि हालचालीच्या मागे माझी इच्छा असते हे मला ठाऊक आहे. तसेच बोलणे आणि तशाच हालचाली मला अन्यत्र आढळतात आणि त्या माझ्या इच्छेने होत नाहीत. म्हणून त्यांच्यामागे दुसरे चित्त असले पाहिजे, अशी त्याची विचारसरणी आहे. या अनुमानाचा उपयोग आपण सारेच दिवसभर करीत असतो आणि त्यात चूक काहीच नाही. चूक होते ती ते उलटे फिरविताना. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते. परंतु धूर दिसत नाही म्हणून अग्नी नाही असे म्हणता येत नाही, आणि हे ठसविण्यासाठी न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याला तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचा दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या दिला जात आला आहे: तेथे अग्नी आहे आणि धुराचा मागमूसही नाही. हालचाल हे जाणिवेचे लिंग, म्हणजे अनुमानाची खूण, आहे. हालचालीचा अभाव हे जाणिवेच्या अभावाचे लिंग नव्हे. तर्कशास्त्राच्या पहिल्या पाठातील ही गोष्ट वैद्यकाच्या व्यवहारात शेकडो वर्षे डोळ्याआड राहिली, याचे कारण हालचालीखेरीज दुसरे काही पाहण्याचे साधनच कोणापाशी नव्हते. आता ते आहे.

जाणीव मेंदूवर अवलंबून आहे, याविषयी मला स्वतःला तिळमात्र शंका नाही. १८४६ च्या ऑक्टोबरात बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची वाफ हुंगवून एका रोग्याला शस्त्रक्रियेपुरते वेदनेपासून सोडविले, त्या दिवसापासून जगात रोज हजारो माणसांची जाणीव ठरल्या वेळी घालविली जाते आणि ठरल्या वेळी परत आणली जाते. मेंदूवर परिणाम करणारे एक द्रव्य एवढेच करू शकत असेल तर जाणीव मेंदूपासून स्वतंत्रपणे विहरणारी वस्तू आहे असे म्हणणे कठीण आहे. पण मेंदूवर अवलंबून आहे म्हणजे सगळ्या मेंदूवर सारखीच अवलंबून आहे, असेही नाही. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६०० कोटी मज्जापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे ६९०० कोटी डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या लहान मेंदूत दाटलेल्या असतात. हा लहान मेंदू रोगाने वा शस्त्रक्रियेने गेला तर चाल अडखळते, बोबडे बोलणे येते, हाताचा नेम चुकतो; परंतु माणूस पाहतो, ऐकतो, दुःख करतो, आठवतो. चीनमधील एका २४ वर्षांच्या स्त्रीचा वृत्तान्त २०१४ साली प्रसिद्ध झाला. तिला लहान मेंदू जन्मतःच नव्हता, आणि तरीही ती संसारी, बोलतीचालती, जाणती स्त्री होती. याउलट मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात आणि त्यालगतच्या थॅलॅमसच्या गाभ्यात दोन्ही बाजूंस अगदी थोडी इजा झाली तरी माणूस गाढ मूर्च्छेत जाऊ शकतो. १९४९ साली मोरुझ्झी आणि मॅगून यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या मस्तिष्कस्तंभातील जाळीदार रचनेला विजेचे सूक्ष्म झटके दिले, तेव्हा झोपेच्या संथ लाटांनी भरलेला मेंदूचा आलेख जागेपणीच्या आलेखासारखा झाला. मज्जापेशींची नुसती संख्या जाणीव घडवीत नाही. कोणत्या पेशी कशा रीतीने जोडल्या आहेत याला महत्त्व आहे, एवढे यावरून निश्चित होते.

यापुढे मात्र अंधार आहे, आणि तो कबूल केला पाहिजे. लायब्निट्झने १७१४ साली असे सुचविले होते की, विचार करणारे एखादे यंत्र गिरणीएवढे मोठे करून आपण त्यात शिरलो तर तेथे एकमेकांना ढकलणारे भाग दिसतील, पण विचार कोठेही दिसणार नाही. जर्मन शरीरशास्त्रज्ञ द्यु ब्वा-रेमाँ याने १८७२ मध्ये लाइपझिग येथील व्याख्यानात हे कोडे मानवी बुद्धीला कधीच सुटणार नाही असे जाहीर केले. तो निराशावाद मला पटत नाही. पण त्यानंतर दीडशे वर्षांनीही आपण फार पुढे आलो असे म्हणता येत नाही. १९९८ साली मज्जाशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी अशी पैज मारली की, पंचवीस वर्षांच्या आत जाणिवेची मेंदूतील खूण स्पष्टपणे सापडेल. २०२३ साली न्यूयॉर्क येथे कोख यांनी भर सभेत हार मान्य केली आणि ठरल्याप्रमाणे मद्याच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या स्वाधीन केल्या. जाणिवेविषयीच्या दोन प्रमुख सिद्धान्तांच्या पुरस्कर्त्यांनी एकत्र येऊन, कोणते निरीक्षण आले असता कोणाचा सिद्धान्त बाधित होईल हे आधीच लिहून ठेवून, २५६ जणांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष २०२५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले, आणि दोन्ही सिद्धान्तांची काही महत्त्वाची भाकिते फोल ठरली. विद्वानांनी आपले मत असे पणाला लावावे, ही या क्षेत्रातील मला सर्वांत आशादायक वाटणारी घटना आहे.

आपल्याकडे या अज्ञानाचा फायदा घेऊन एकदम मरणोत्तर अस्तित्वापर्यंत उडी मारणारे लोक पुष्कळ आहेत, आणि प्राचीनांनी हे सारे आधीच सांगून ठेवले आहे असे म्हणणारेही कमी नाहीत. प्राचीनांचा सन्मान करण्याची ही रीत नव्हे. त्यांचे आपसांत कडाक्याचे मतभेद होते. धान्य आणि किण्व यांच्या संयोगाने जशी मदशक्ती उत्पन्न होते तसे चार महाभूतांच्या संयोगाने चैतन्य उत्पन्न होते, असे चार्वाक म्हणत. न्यायमताप्रमाणे ज्ञान हा आत्म्याचा गुण असला तरी मनाचा संयोग असल्याखेरीज तो प्रकट होत नाही आणि सुषुप्तीत तो नसतोच. सांख्यांनी तर मन आणि बुद्धी यांनाही जड प्रकृतीच्या खात्यात टाकून चैतन्य एकट्या पुरुषाकडे ठेवले. गीतेच्या तेराव्या अध्यायावरील ज्ञानेश्वरांचे क्षेत्र-क्षेत्रज्ञ-विवेचन ज्यांनी मन लावून वाचले आहे त्यांना हा वाद किती सूक्ष्म होता हे निराळे सांगावयास नको. यांपैकी कोणाचेही मत स्वीकारले तरी रुग्णशय्येजवळचा प्रश्न जागच्या जागी राहतो. कारण या पुढ्यातल्या माणसाला आत्ता काही जाणवते आहे की नाही, हे कोणतेच दर्शन आपल्यासाठी ठरवून देत नाही. ते तपासावेच लागते.

तपासण्यापूर्वी काही अवस्थांचा घोळ टाळला पाहिजे, कारण त्यांची सरमिसळ वर्तमानपत्रांतूनही नेहमी होते. कोमामध्ये डोळे मिटलेले असतात आणि जाग नसते. ही अवस्था सहसा काही दिवस किंवा आठवडे टिकते. त्यातून काही जण डोळे उघडतात, पण हेतुपूर्वक काहीच करीत नाहीत. या अवस्थेचे वर्णन १९७२ साली ‘लॅन्सेट’मध्ये जेनेट आणि प्लम यांनी केले, आणि पुढे २०१० मध्ये तिला ‘प्रतिसादहीन जागृती’ म्हणावे अशी सूचना पुढे आली. काही जण मधूनमधून, अनिश्चितपणे का होईना, एखादी आज्ञा पाळतात किंवा नजरेने वस्तूचा पाठलाग करतात. ती अल्पजाणिवेची अवस्था २००२ साली निश्चित करण्यात आली. काही थोड्यांची जाणीव पूर्ण शाबूत असून सारे शरीर मात्र लुळे पडलेले असते आणि डोळ्यांची हालचाल एवढाच बाहेरच्या जगाशी दुवा राहतो. आणि या सर्वांहून अगदी वेगळा असा मेंदूमृत्यू. त्यात मस्तिष्कस्तंभाचे कार्य कायमचे थांबलेले असते, व्हेंटिलेटर काढला असता श्वास येत नाही, आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून तो प्रमाणित करावयाचा असतो. हा कायदा ज्या राज्यांच्या ठरावांवरून संसदेने केला त्यांत महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही होती. मी जे लिहीत आहे त्याचा मेंदूमृत्यूशी काडीइतकाही संबंध नाही, आणि हे वाचून अवयवदानास तयार झालेले एखादे कुटुंब कचरले तर मला फार वाईट वाटेल.

आता तपासणीविषयी. २००९ साली बेल्जियममधील संशोधकांनी अशा ४४ रुग्णांची पुन्हा तपासणी केली की ज्यांच्यात जाणीव नाही याबद्दल त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांचे एकमत झालेले होते. कोमा रिकव्हरी स्केल या नावाने ओळखली जाणारी, ठरावीक क्रमाने ऐकणे, पाहणे, हालचाल, बोलणे, संपर्क आणि जाग हे सहा विषय पाहणारी पद्धत त्यांनी वापरली. ४४ पैकी १८ जणांत, म्हणजे शेकडा ४१ जणांत, जाणिवेच्या निश्चित खुणा सापडल्या. यासाठी कोणतेही यंत्र लागले नव्हते. लागली होती ती शिस्त आणि सवड. या पद्धतीतील एक साधी गोष्ट सांगण्यासारखी आहे. रुग्णाची नजर हलत्या वस्तूचा पाठलाग करते का हे पाहावयाचे, तेव्हा पुष्कळ डॉक्टर बोट किंवा टॉर्च फिरवितात. परंतु हातातला आरसा त्याच्या चेहऱ्यासमोर धरून सावकाश डावी-उजवीकडे, वर-खाली नेला, तर बोटाने, पेनाने किंवा समोरून चालणाऱ्या माणसाने जे होत नाही ते पुष्कळदा आरशाने होते. स्वतःचा चेहरा दिसतो आणि डोळे त्याच्या मागे जातात. आरसा न वापरल्यामुळे जाणता माणूस अजाणता ठरावा, हा प्रकार किती सहज घडतो आणि किती सहज टाळता येतो, याचा विचार केला म्हणजे मन अस्वस्थ होते.

शय्येजवळची तपासणी कितीही नेटकी झाली तरी ज्यांचे शरीर आज्ञा पाळूच शकत नाही असे काही जण तिच्यातून निसटतात. २०१० साली केंब्रिज आणि लीएज येथील संशोधकांनी ५४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांपैकी पाच जणांना यंत्रात असताना सांगितल्याप्रमाणे कल्पना करता आली, आणि त्यांतील एकाने ‘हो’साठी एक कल्पना आणि ‘नाही’साठी दुसरी, अशा संकेताने आपल्या वडिलांच्या नावासारख्या सहा प्रश्नांपैकी पाचांची बरोबर उत्तरे दिली. २०१२ साली कॅनडातील एका रुग्णाने, अपघातानंतर बारा वर्षांनी, आपल्याला वेदना होत नाहीत असे याच रीतीने सांगितले. डॉक्टर प्रत्येक रोग्याला जो प्रश्न सर्वांत आधी विचारतो तो या माणसाला विचारण्यास बारा वर्षे लागली.

एफएमआरआयचे यंत्र महाग आहे आणि ते सर्वत्र मिळत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु २०१९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील डॉक्टरांनी हेच काम ईईजीने, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतील विजेचा आलेख काढणाऱ्या जुन्या आणि परिचित साधनाने, अतिदक्षता विभागात रुग्णाच्या खाटेजवळ करून दाखविले. हाताची मूठ उघडत-मिटत राहा, अशी आज्ञा आणि थांबा अशी आज्ञा यांना मेंदूने दिलेला प्रतिसाद त्यांनी संगणकाकरवी तपासला. प्रतिसादहीन अशा १०४ जणांपैकी १६ जणांच्या मेंदूने आज्ञा ओळखल्याचे आढळले. वर्षभरानंतर या गटातील शेकडा ४४ जण दिवसातील आठ तासांपर्यंत दुसऱ्याच्या मदतीवाचून राहू शकत होते. इतरांत हे प्रमाण शेकडा १४ होते. पुढे २०२४ मध्ये सहा केंद्रांवरील ३५३ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ज्या २४१ जणांकडून बाहेरून कोणत्याही आज्ञेस प्रतिसाद मिळत नव्हता त्यांपैकी ६० जणांच्या, म्हणजे चौघांमागे एकाच्या, मेंदूने सांगितलेले काम केले. याच अभ्यासात दुसरा एक आकडा आहे; त्याची चर्चा फारशी झाली नाही, पण मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. जे ११२ रुग्ण डोळ्यांदेखत आज्ञा पाळीत होते, ज्यांच्या जाणिवेविषयी वादच नव्हता, त्यांच्यापैकीही केवळ ४३ जणांच्या मेंदूने यंत्रात अपेक्षित प्रतिसाद दिला. याचा अर्थ यंत्राने ‘हो’ म्हटले तर ते मानावे. यंत्र गप्प राहिले तर त्या मौनाला पुरावा समजू नये. आज्ञा अनेक मिनिटे लक्षात ठेवून पाळीत राहणे हे निरोगी माणसालाही थकविणारे काम आहे, आणि जाणिवेसाठी ते आवश्यक नाही.

मेंदूत रक्त वाहिले म्हणजे जाणीव सिद्ध झाली काय, असा आक्षेप घेतला गेला आहे, आणि तो थोर विद्वानांनी घेतला आहे. ‘टेनिस’ हा शब्द कानी पडताच मेंदूत आपोआप काही लहरी उठल्या असतील, असे त्यांचे म्हणणे होते. पण शब्दाने आपोआप उठलेली लहर क्षणात विरते. ती सांगितलेल्या मुदतीपर्यंत टिकवून धरणे, सूचनेबरोबर बदलणे आणि ‘विश्रांती’ म्हणताच सोडून देणे याला हेतू म्हणावयाचे नाही तर दुसरे काय म्हणावयाचे? निरोगी माणसाच्या बाबतीत आपण याहून कमी पुराव्यावर समाधान मानतो. दुसरा आक्षेप याहून खोल आहे: अशा देहात जाणीव असणे हीच यातना असेल, आणि ती शोधून काढून आपण त्या जिवावर उपकार करतो की अत्याचार? या प्रश्नाचे उत्तर सर्वांसाठी एकच असेल असे मला वाटत नाही. पण उत्तर द्यावयाचा अधिकार ज्याचा आहे त्याला ते विचारता येते का, हे आधी पाहिले पाहिजे; आणि वेदना असेल तर तिच्यावर औषध देण्याचे कर्तव्य तर कोणत्याही परिस्थितीत सुटत नाही.

महाराष्ट्रात हा विषय निघाला की एक नाव टाळता येत नाही. परळच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथील एका वॉर्डबॉयने अमानुष हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला; मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेल्या इजेतून त्या उठल्या नाहीत. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली, आणि इतक्या दीर्घ काळात अंथरुणाचे व्रण होऊ दिले नाहीत. त्यांचे अन्न बंद करण्याची परवानगी मागणारा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा अर्जातील वर्णन आणि रुग्णालयाची कैफियत यांत मेळ बसेना, म्हणून न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती नेमली. परिचारिकांचे म्हणणे असे की, त्यांना मासे आणि कोंबडीचे सूप आवडते, ते दिले की चेहऱ्यावर हसू येते, खोलीत फार माणसे आली की त्या ओरडतात. समितीला मात्र आपल्या तपासणीत जाणिवेची निश्चित खूण आढळली नाही. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि अशा प्रकरणांसाठी काही मार्गदर्शक नियम घालून दिले.

त्या परिचारिकांना जे दिसत होते ती जाणीव होती असे मी म्हणत नाही. गळा आवळल्याने होणाऱ्या इजेत मेंदूचे बाह्यपटल फार मोठ्या प्रमाणावर मरते, आणि गुप्त जाणीव आढळण्याचा संभव अपघाताने डोक्यास मार लागलेल्यांमध्ये अधिक असतो, हे २०२४ च्या अभ्यासातही दिसले आहे. पण दोन साक्षी भिन्न होत्या, आणि त्यांचे वजन करण्याची आपली रीत अजूनही कच्ची आहे. तज्ज्ञ मोजके तास पाहतात. शुश्रूषा करणारी बाई रोज आठ तास पाहते. अल्पजाणिवेच्या खुणा सकाळी असतात आणि दुपारी नसतात, ताप चढला की जातात आणि झोप नीट झाली की येतात. म्हणूनच या अवस्थांच्या अभ्यासकांनी दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासणी करावी असे सुचविले आहे. आईला किंवा पत्नीला दिसलेली खूण ‘मायेचा भ्रम’ म्हणून झटकून टाकण्याची जी सवय आपल्या काही वॉर्डांत रुळली आहे तिचा मला मनस्वी राग येतो. भ्रम असेलही, तो भ्रम आहे हे तपासून ठरवावे.

९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि जीवरक्षक उपचार थांबविण्याची पद्धत घालून दिली. जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी करण्यात आली. आता रुग्णालयाच्या प्राथमिक मंडळाने आणि त्यानंतर दुय्यम मंडळाने, शक्यतो ४८ तासांत, आपले मत द्यावयाचे असते, आणि तज्ज्ञांना किमान पाच वर्षांचा अनुभव लागतो. हा निर्णय मला संपूर्णपणे मान्य आहे. ज्याला सुटका हवी त्याला ती मिळालीच पाहिजे. पण जाणीव तपासावयाची ती कोणत्या पद्धतीने, किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने, याचा तपशील त्या नियमांत नाही, आणि ४८ तासांची मुदत मंडळाच्या मताची आहे. त्यापूर्वीचा तपास त्याच घाईने उरकण्याचे कारण नाही. अमेरिकेतील मज्जाविकारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली अशी शिफारस केली की, इजेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांत नातेवाइकांना सुधारणेची आशाच नाही असे सरसकट सांगू नये. आपल्याकडे तिसऱ्या-चौथ्या दिवशी तसे सांगितले जाते, आणि खाटेची टंचाई व बिलाचा वाढता आकडा पाहता कुटुंबही ते मुकाट्याने ऐकते. शासनाने खर्चाचा हा भार उचलण्याची तजवीज केल्यावाचून गरीब घरांना उपचाराचा काळ वाढवून मागता येणार नाही, हे मी विसरलेलो नाही. परंतु उपचार सारेच महाग नाहीत: डोक्यास मार लागलेल्या १८४ रुग्णांवर केलेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमँटाडिन या जुन्या औषधाने सुधारणेचा वेग वाढल्याचे आढळले होते.

भाषेची गोष्टही येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्याकडे कोणाचे लक्ष गेल्याचे मला आढळले नाही. गडचिरोलीच्या जंगलातील गोंडी किंवा माडिया बोलणारा तरुण डोक्याला मार लागून नागपूरला आणला जातो, आणि त्याला मराठीत वा हिंदीत ‘हात वर कर’ सांगून तो हात वर करीत नाही अशी नोंद होते. तो ऐकतही असेल. त्याच्या आईला वॉर्डाबाहेर बसवून ठेवून त्याच्या जाणिवेची परीक्षा घेणे ही परीक्षा नव्हे. आज्ञा त्याच्या भाषेत, त्याच्या ओळखीच्या आवाजात दिली पाहिजे, आणि यासाठी आईला दहा मिनिटे आत बोलावणे पुरे आहे.

राज्याच्या आरोग्य खात्याने आणि वैद्यकीय शिक्षण खात्याने मिळून एक परिपत्रक काढावे, एवढी माझी मागणी आहे. मेंदूच्या इजेनंतर डोळे उघडलेल्या परंतु आज्ञा न पाळणाऱ्या प्रत्येक रुग्णाची कोमा रिकव्हरी स्केलप्रमाणे दोन आठवड्यांत पाच वेळा, निरनिराळ्या वेळी, तपासणी व्हावी. जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टरांना आणि परिचारिकांना या पद्धतीचे शिक्षण द्यावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ईईजीने आज्ञापालन तपासण्याची सोय टप्प्याटप्प्याने व्हावी. आणि उपचार थांबविण्यासंबंधी मत देणाऱ्या प्रत्येक मंडळाच्या अहवालात तपासणीच्या तारखा, आज्ञा कोणत्या भाषेत दिली, आरसा वापरला की नाही, आणि शुश्रूषा करणाऱ्यांना काय दिसले, यांसाठी चार स्वतंत्र रकाने असावेत.